मागची खोली की मागाची खोली: सोलापुरातल्या एका जुन्या घराचं प्रकरण

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, इतिहासाचा माणूस नाही. भिंत उभी राहील की पडेल एवढंच सांगायला मला बोलावतात. या प्रकरणात भिंतीचं उत्तर कागदात होतं, कागदाचं उत्तर फरशीखाली होतं, आणि दोन्हींचं उत्तर माझ्यासमोर विड्या वळत बसलं होतं पण मी विचारलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतोय. नावं, पेठ, घर नंबर मुद्दाम दिलेले नाहीत.

पार्श्वभूमी

घर जुन्या सोलापुरातलं, पूर्व भाग जिथं सुरू होतो त्या हद्दीवरचं. म्हणजे एका गल्लीत मराठी-कन्नड बोलणारे व्यापारी आणि पुढच्या गल्लीपासून तेलुगू बोलणारे विणकर. रस्त्याला दगडी जोतं, ओसरी, सागवानी खांब, मधे चौक, चौकात आड (आता वर जाळी आहे), आणि चौकाच्या पलीकडं दोन खोल्या. सगळं दगडकाम मातीत, वर माळवद.

माळवद म्हणजे तुळयांवर किलच (लाकडाच्या फळ्या-पट्ट्या), त्यावर पाला आणि चिखल, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी दरवर्षी नवी माती टाकायची पद्धत आणि जुनी कोणी काढत नाही, त्यामुळं ओझं वाढतच जातं. इथं मी एका जागी खणून बघितलं तर सव्वा फूट भरली. एक फूट माती म्हणजे चौरस मीटरला साधारण 500 किलो, आणि हे सगळं मातीच्या जोडातल्या दगडी भिंतीवर. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीला जी घरं बसली ती याच जातीची होती. सोलापुरात तेव्हा हादरा चांगलाच जाणवला आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत बऱ्याच जणांनी माळवदं उतरवून पत्रे घातले. या घरातही पुढच्या खोल्यांवर पत्रे तेव्हाच आले, मागच्या दोन मात्र तशाच राहिल्या कारण तिथं भाडेकरू. हे मला कोणी सांगितलं नाही, वर चढल्यावर दिसलं.

पुढं थोरले काका आणि काकू राहतात, काका सत्तरीचे. मधले काका पुण्यात, आत्या विजापूर रोडला, घर तिघांच्या नावावर. मागं एक आजी, वय ऐंशीच्या पुढं, आणि त्यांचा मुलगा, तो पॉवरलूमवर कामाला. गल्लीत सगळे त्यांना ‘मागची आजी’ म्हणायचे. आधी अजून दोन भाडेकरू होते, ते कुंभारीला विडी कामगारांच्या घरकुलात गेले. आजी गेल्या नाहीत.

अडचण काय होती

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली. मागच्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत तिरकी भेग, खाली बोट जाईल एवढी आणि वर केसाएवढी. थोरल्या काकांनी मला बोलावलं.

दुसरी अडचण तिकडून पुण्याहून. थोरल्या काकांच्या पुतण्याला घराच्या इतिहासावर काहीतरी करायचं होतं, आणि मधल्या काकांच्या डोक्यात ओसरीवर ग्रॅनाईटचा बोर्ड लावायचा होता. त्यावर दोन गोष्टी लिहायच्या, एक म्हणजे वाडा पणजोबांनी बांधला, दुसरी म्हणजे 1930 च्या मार्शल लॉमध्ये इथं क्रांतिकारक लपले होते. मजकूर तयार, फक्त ‘साल तेवढं शोधून द्या’ म्हणून मला सांगितलं, कारण मी जुनं काहीबाही वाचतो हे त्यांना माहीत.

पहिली भेट

ही भेट जरा नीट सांगतो, सगळी चूक इथंच आहे.

मे महिना, दुपारी साडेअकरा, बाहेर सोलापूरचं ऊन म्हणजे काय सांगायचं. खोलीत शहाबादी फरशी, कोपऱ्यात मोरी, आणि आजी भिंतीला टेकून सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. पान कापलं, तंबाखू भरली, गुंडाळलं, टोक नखानं दाबलं, दोरा मारला, आणि हे सगळं माझ्याकडं बघत, हाताकडं नाही. मला म्हणाल्या, “काय मोजलालाव ओ साहेब?” मी म्हटलं भेग मोजतोय. मग त्या म्हणाल्या, “खाली पोकळ हाय की ते. आमची अत्ता सांगायची, टोप्या खाली ठेवल्या होत्या म्हणून.”

अत्ता म्हणजे तेलुगूत सासू, एवढं कळलं. टोप्या कसल्या, खाली म्हणजे कुठं, काही विचारलं नाही. मी भेगेवर पेन्सिलनं खुणा करत होतो, ‘हो का आजी’ म्हणालो आणि पुढं सरकलो. माझ्या त्या दिवशीच्या वहीत भेगेची 7 मापं आहेत आणि आजींचं एक वाक्य नाही.

पर्याय

रिपोर्टमध्ये मी लिहिलं की पुढचा भाग दुरुस्त होऊ शकतो, मागचा भाग पाया खचल्यामुळं धोकादायक, उतरवावा. कारण ‘पाया कमकुवत’. हे लिहिणं सोपं असतं, जुन्या घराला कोणी विचारत नाही कशामुळं.

घरात बैठक झाली. मधल्या काकांचं म्हणणं सगळंच पाडून बिल्डरला द्यायचं, तीन मजले, खाली गाळे. आत्या म्हणाल्या माझ्या वाट्याचं काय ते द्या, बाकी तुम्ही बघा. थोरल्या काकांना हलायचंच नव्हतं. पुतण्याला घर ठेवायचं होतं पण पैसे त्याच्याकडं नव्हते. वकिलांनी सांगितलं की भाडेकरू जुना आहे, पाडलं म्हणून त्याचा हक्क जात नाही, तेव्हा आधी त्याची जागा मोजा, लेखी नोंद करा, मग हात लावा. हा सल्ला तेव्हा सगळ्यांना त्रासाचा वाटला होता.

शेवटी ठरलं की पुढचं ठेवायचं, मागचं उतरवून तिथं साध्या विटांच्या दोन खोल्या बांधायच्या आणि त्यातच आजींना परत आणायचं. तोपर्यंत आजी मुलीकडं जातील. खरं सांगायचं तर हा निर्णय प्रेमातून कमी आणि वकिलाच्या धाकातून जास्त झाला, पण झाला.

कागद, पहिली फेरी

काम सुरू व्हायला वेळ होता म्हणून मी सालाच्या मागं लागलो. सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढलं. त्यावर ‘हक्काचा मूळ धारक’ असा रकाना असतो आणि तिथं पणजोबांचं नाव. मधल्या काकांनी फोटो बघितला आणि फोनवरच ओरडले, बघा म्हणालो नव्हतो!

इथं बरेच लोक फसतात म्हणून थांबतो. मूळ धारक म्हणजे घर बांधणारा नाही. सिटी सर्व्हेची चौकशी झाली त्या दिवशी ज्याचा हक्क मान्य झाला तो. त्याच्या आधी शंभर वर्षं घर उभं असेल तरी कार्डाला त्याचं काही नाही. त्यासाठी चौकशी रजिस्टर बघावं लागतं, त्यात हक्क कशावरून मान्य केला ते दोन शब्दांत असतं, खरेदी, वारसा, वाटणी, काय ते. इथं लिहिलं होतं ‘खरेदीखतावरून’. म्हणजे बांधलं नाही, घेतलं. कोणाकडून?

खरेदीखत घरातच निघालं, काकूंच्या माहेरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, पत्रिकांच्या खाली. पंचम जॉर्जच्या छापाचा स्टॅम्पपेपर, चार पानं, सगळं मोडीत. मला मोडी येत नाही, म्हणून फोटो काढून एका जाणकार गृहस्थांकडं पाठवले, ते म्हणाले पंधरा दिवस द्या.

त्याच ट्रंकेत आजोबांच्या हातच्या भाडेपावत्यांची वही होती, ती देवनागरीत. प्रत्येक महिन्याला एकच ओळ, ‘मागाची खोली, भाडे रु. 4 पावले’. पुतण्या हसला, म्हणाला आजोबांचं शुद्धलेखन बघा, मागची लिहायचं तर मागाची लिहिलंय. मीही हसलो. ओळीमागून ओळ, वर्षानुवर्षं एकच चूक, आणि आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही की वखारीचा हिशेब आयुष्यभर ठेवणारा माणूस एकच चूक इतक्या वेळा कशी करेल.

खड्डा

आजी मुलीकडं गेल्या त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मागच्या खोलीची फरशी काढायला घेतली. माळवद आधीच उतरवलं होतं, तीन ट्रॅक्टर माती निघाली. मोरीच्या शेजारची फरशी उचलली तर खाली पहार गेली ती जातच राहिली. गवंड्यानं हाका मारल्या.

अर्ध्या तासात अख्खी गल्ली जमा. गुप्तधन! कोणीतरी थोरल्या काकांना सांगितलं आधी नारळ फोडा, त्यांनी फोडला. मला वाटलं पेव असेल, जुन्या घरांत धान्याला जमिनीत पेव करायचे. पण पेव तोंडाला अरुंद आणि आत मोठं असतं, हे तसं नव्हतं, सरळ चौकोनी, जेमतेम अडीच फूट खोल, आत विटांचे तुकडे, राख, फुटकी कौलं असा राडारोडा भरलेला आणि तो सगळा ओला गच्च. मोरीचं पाणी वर्षानुवर्षं त्यात मुरत होतं आणि खड्ड्याची एक बाजू उत्तरेच्या भिंतीच्या पायाला लागून. भेगेचं कारण ते. पाया कमकुवत नव्हता, पायाशेजारी कोणीतरी खड्डा सैल भरून वर मोरी केली होती. राडारोड्यात एक लाकडी तुकडा निघाला, वीतभर, दोन्हीकडं निमुळता, मधे खाच.

गर्दीत शेजारच्या गल्लीतले एक म्हातारे विणकर होते. त्यांनी तो तुकडा हातात घेतला, पुसला, काही बोलले नाहीत. मग खड्ड्याच्या काठावर बसले, पाय आत सोडले आणि पाय हलवायला लागले, एक खाली एक वर, एक खाली एक वर, आणि हात पुढं इकडून तिकडं. “गुंट मग्गम,” म्हणाले. खड्ड्याचा माग. विणणारा काठावर बसतो, पायानं पावड्या दाबतो, खड्ड्यात गारवा राहतो म्हणून सूत तुटत नाही. तो तुकडा म्हणजे धोटा, आडवं सूत इकडून तिकडं नेणारा.

थोरले काका म्हणाले, “आमच्या घरात कधी माग नव्हता हो. आम्ही सुताचे व्यापारी.”

मागाची खोली.

कागद, दुसरी फेरी

मोडीचं लिप्यंतर आलं. तारीख शकात होती, त्यात 78 मिळवले की इसवी सन येतं, ते 1920 च्या आसपासचं निघालं. खत साधं खरेदीखत नव्हतं, मुदत खरेदी होती. म्हणजे घर विकलं असं लिहायचं, पण पाच वर्षांत पैसे परत केले तर घर परत. प्रत्यक्षात ते गहाणच. रक्कम साडेतीनशे रुपये, कारण ‘सुताचे देणे’. लिहून देणारा विणकर, लिहून घेणारे पणजोबा. चतुःसीमेनंतर घराचं वर्णन, ‘आड सामाईक, मागाचे खड्डे दोन’. आणि पिना मारून जोडलेलं आणखी एक पान त्याच तारखेचं, भाडेचिठ्ठी. विकणाऱ्यानं त्याच दिवशी त्याच घराच्या मागच्या भागात भाडेकरू म्हणून राहण्याचं लिहून दिलेलं.

खाली विकणाऱ्याचं आडनाव. आजींचं आडनाव तेच.

म्हणजे जे कुटुंब आम्ही भाडेकरू म्हणून मोजत होतो, ते सकाळी घरमालक होतं आणि त्याच दिवशी संध्याकाळी भाडेकरू झालं, आणि मग तिथंच शंभर वर्षं राहिलं. तेलंगणातून आलेल्या विणकरांची सावकाराच्या सुतावर अशी किती घरं गेली असतील याचा हिशेब कोणी मांडलेला मला तरी माहीत नाही, पण जुन्या माणसांना हा प्रकार नवा नाही.

सांगायचं की नाही

सगळ्यात जास्त वेळ इथं गेला. मधले काका म्हणाले कागद ट्रंकेत ठेवा आणि विसरा, उगाच कोर्टाचं लचांड. वकिलांनी लिप्यंतर वाचून सांगितलं की घाबरायचं कारण नाही, गहाण सोडवून घ्यायची मुदत जुन्या कायद्यात 60 वर्षं होती, 1963 च्या कायद्यानं 30 झाली, कुठूनही मोजा कधीच संपली. घर तुमचंच. यावर मधले काका म्हणाले मग सांगायची काय गरज, आणि आत्या, ज्या तोपर्यंत फक्त वाट्याचं बोलत होत्या, त्या म्हणाल्या की काही जात नाही तर सांगायला काय होतं तुझं.

माझं मत मी दिलं, की सांगा. भेगेची जी चूक मी रिपोर्टमध्ये केली ती सुधारायची तर खड्डा कुठून आला हे लिहावं लागणार होतं, आणि खड्डा कोणाचा हे लिहिल्याशिवाय ते अर्धवट राहिलं असतं. थोरल्या काकांनी दोन दिवस घेतले आणि मग स्वतः झेरॉक्स काढायला गेले.

1930 चंही तेव्हाच आटोपलं. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात गोळीबार झाला, पोलीस शहर सोडून गेले, काही दिवस शहर लोकांच्या हातात होतं आणि मग मार्शल लॉ आला. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. एवढं सगळ्या सोलापूरला पाठ आहे, म्हणून जुन्या पेठांतल्या दर तिसऱ्या वाड्यात कोणी ना कोणी लपलेलं असतं. या घराबद्दल कागद नाही, नोंद नाही, फक्त पणजोबांच्या नावानं चालत आलेली गोष्ट. मी म्हटलं बोर्डावर नको.

पण मार्शल लॉमध्ये गांधी टोपी दिसली की काढायला लावत होते, हे नोंदलेलं आहे. आणि मग मला ते वाक्य आठवलं. टोप्या खाली ठेवल्या होत्या.

मी दुसऱ्या दिवशी आजींच्या मुलीकडं गेलो. आठ दिवसांपूर्वी आजींना अर्धांगवायूचा झटका आला होता. ओळखलं त्यांनी मला, डाव्या हातानं बसायला खूण केली. बोलणं गेलं होतं. मी टोपी, मग्गम, अत्ता असे शब्द म्हणून बघितले, त्यांनी डोळे मिटले, उघडले, त्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळलं नाही आणि मी लावणारही नाही. गोष्ट खरी असेल तर ती पुढच्या नाही, मागच्या खोलीतली असेल, एवढंच म्हणता येतं. पुढच्यांनी ती आपली करून घेतली असेल किंवा नसेलही. पाच महिन्यांनी आजी गेल्या.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्या बाजूनं पहिली गोष्ट, मोजमापाच्या आधी राहणाऱ्याशी बोलायला हवं होतं. भेग कधीपासून आहे, मोरी कोणी केली, खाली काय होतं, या तीन प्रश्नांना अर्धा तास पुरतो. आता मी फोनवर रेकॉर्डिंग चालू करूनच बसतो, विचारून अर्थात. उत्तरं कळली असती तर मागची भिंत उतरवायची गरज नव्हती, मोरी बंद करून खड्डा मुरूम-काँक्रीटनं भरून पायाला टेकू देता आला असता. माळवद तेवढं काढायलाच लागलं असतं.

दुसरं, आम्ही कागदाची सुरुवात मालकाकडून केली. मालकाचे कागद मालकी कोणाची ते सांगतात. घरात कोण राहिलं हे भाडेपावती, रेशनकार्ड, जुनी मतदार यादी, शाळेचा दाखला यांत सापडतं, आणि ते बहुतेक भाडेकरूकडं असतं.

तिसरं, म्हाताऱ्या माणसाला घरातून हलवण्याच्या आधी जे विचारायचं ते विचारून घ्यावं. झटका हलवल्यामुळं आला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण तीन आठवडे त्या तिथं होत्या आणि मी रिक्षाने वीस मिनिटांवर होतो.

आत्ताची परिस्थिती

मागं नव्या दोन खोल्या झाल्या, आजींचा मुलगा तिथं राहतो, भाडेकरार नव्यानं रजिस्टर केला. खड्डा फोटो आणि मापं घेऊन भरला, धोटा त्याच्याकडं आहे. बोर्डाचा ग्रॅनाईट ओसरीत भिंतीकडं तोंड करून उभा आहे, मजकुरावर तिघा भावंडांचं अजून जमलेलं नाही.

लिप्यंतराची झेरॉक्स थोरल्या काकांनी त्याला दिली तेव्हा मी होतो. त्यानं उभ्याउभ्या वाचली, घडी घालून रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये सरकवली, आणि म्हणाला, “आईला माहीत असणार की. तुम्हाला कधी मालक म्हणाली का ती?” सोलापुरात रिक्षावाल्याला मालक म्हणतात, भाजीवाल्याला म्हणतात. काका आठवत राहिले. आजी त्यांना ‘पुढचे’ म्हणायच्या.

खतात खड्डे दोन लिहिलेत, सापडला एक. गेल्या महिन्यात मी पुढच्या हॉलमध्ये टीव्हीच्या खालची फरशी हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघितली, आवाज वेगळा येतोय. काकांना सांगितलं. ते म्हणाले दिवाळी होऊ दे, मग बघू.